सोडा, लिंबू आणि रांगतं बाळ

मोबाइलवर हल्ली एक रील फिरते, तुम्हीही पाहिली असेल. वाडग्यात खाण्याचा सोडा, त्यावर पिळलेलं लिंबू, वरून व्हिनेगर आणि फस्सकन फेस. मग त्या फेसाने ओटा, नळ, गादी, खेळणी, शेगडी, सगळं चकाचक. खाली ओळ असते : 'केमिकल-फ्री! लहान मूल असलेल्या प्रत्येक घरासाठी.'

मुलगी रांगायला लागली तेव्हा मीही या रीलच्या नादी लागले होते. फरशीवरून हात फिरवायचा आणि तोच हात तोंडात घालायचा, हा तिचा दिवसभराचा उद्योग. फिनेलने पुसलेली फरशी ती चाटते म्हटल्यावर पोटात गोळा यायचा. मग डब्यांच्या फळीवरचं एकेक काढून वापरून पाहिलं. काही गोष्टी झकास चालल्या. काहींनी पैसे आणि लिंबं वाया घालवली. एकदोन तर चक्क धोक्याच्या निघाल्या, आणि त्याही 'नैसर्गिक' म्हणून मिरवणाऱ्या. हा फरक का पडतो ते समजायला रसायनशास्त्र लागतं, पण सातवी-आठवीतलंच.

आधी एक लाळेरं

मुलीला पहिल्यांदा वरण-भात भरवला त्या दिवशी तिच्या पांढऱ्या लाळेऱ्यावर हळदीचा पिवळाधमक डाग पडला. मी लगेच साबण चोळला, आणि डाग लालभडक झाला. क्षणभर वाटलं, रक्त! मग आणखी साबण, आणखी लाल. शेवटी पाण्याखाली धरल्यावर लाली उतरली आणि पिवळा डाग जिथल्या तिथे. आई म्हणाली, "अगं, घासत काय बसलीस? उन्हात टाक." दोन दिवस कडक उन्हात वाळवलं आणि डाग गेला.

आपल्याला लागणारं जवळजवळ सगळं विज्ञान या लाळेऱ्यात आलं. पदार्थांचे दोन गट असतात. आंबट लागतात ती आम्लं : लिंबू, चिंच, आमसूल, ताक, व्हिनेगर. त्यांच्या विरुद्ध टोकाला असतात त्या आम्लारी, म्हणजे हाताला बुळबुळीत लागणाऱ्या गोष्टी : खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा, साबण, चुना. कोण किती आंबट आणि कोण किती उलट, हे मोजायची पट्टी म्हणजे पीएच. शून्यापासून चौदापर्यंत, मधोमध सात म्हणजे शुद्ध पाणी. लिंबाचा रस आणि व्हिनेगर दोन-अडीचच्या आसपास, खाण्याचा सोडा सव्वाआठच्या जवळ, धुण्याचा सोडा अकराच्या घरात. ही पट्टी मात्र फसवी आहे. एक घर पुढे सरकलं की जोर दहापट होतो. म्हणून खाण्याचा सोडा आणि धुण्याचा सोडा नावाने भाऊ-भाऊ वाटले तरी दुसरा हात सोलवटून काढतो आणि लहान मुलाच्या घरात तो कुलुपातच हवा.

हळद ही या पट्टीची चुगलखोर. आंबटात पिवळी राहते, सोड्याच्या बाजूला गेली की लाल होते. पारंपरिक कुंकू हळदीला चुना किंवा टाकणखार देऊन करतात, ते याच गुणावर. आणि हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, म्हणून आईचा उपाय साबणापेक्षा सरस ठरला.

फेस म्हणजे सफाई नव्हे

आता रीलकडे. सोडा एका टोकाचा, व्हिनेगर दुसऱ्या टोकाचं. दोघांना एकत्र केलं की ते एकमेकांना संपवतात. रस्सीखेचीत दोन्हीकडचे गडी सारख्याच जोराचे असले की दोर जागचा हलत नाही, घाम मात्र निघतो. इथे घामाच्या जागी फेस निघतो. हा फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड, सोडावॉटरमधलाच वायू. तो उडून गेला की वाडग्यात उरतं पाणी आणि सोडियम ॲसिटेट नावाचं एक निरुपद्रवी मीठ. त्याने ना तेल निघत, ना डाग.

हिशेबच करा. सपाट चमचाभर, म्हणजे साधारण ५ ग्रॅम सोडा हा ५ टक्के तीव्रतेचं ७० मिली व्हिनेगर निकामी करतो. म्हणजे एवढं व्हिनेगर आपण फेसाच्या तमाशावर उधळतो. त्यातून सव्वा ते दीड लिटर वायू सुटतो. म्हणून हे मिश्रण 'तयार करून ठेवू' म्हणत झाकणाच्या बाटलीत भरलं, तर बाटली फुटते.

फेस अगदीच बिनकामाचा नाही. बेसिनच्या जाळीत अडकलेला हलका गाळ तो वर ढकलतो. पण केस आणि तूप अडकून तुंबलेली मोरी त्याने मोकळी होत नाही. मोठ्या माणसाचं काम लहान मुलाला सांगितल्यासारखं ते आहे. उत्साह भरपूर, पण तुंबलेलं तुंबलेलंच.

दोन्ही वापरायचेच असतील तर पाळीपाळीने. आधी ओल्या फडक्यावर सोडा घेऊन घासा, पुसून काढा, मग लागलंच तर व्हिनेगर.

'केमिकल-फ्री' म्हणजे काय?

काहीच नाही. पाणीही रसायन, मीठही रसायन. किराणा दुकानातल्या स्वस्त पांढऱ्या व्हिनेगरच्या बाटलीवर बारीक अक्षरात 'सिंथेटिक' असं लिहिलेलं असतं. ते फळं आंबवून केलेलं नसतं, ॲसिटिक ॲसिडमध्ये पाणी घालून केलेलं असतं. खाण्याचा सोडा गुजरातमध्ये मिठापूरला मोठ्या कारखान्यात तयार होतो, मिठापासून. यात वाईट काही नाही. सफाईला दोन्ही उत्तम. फक्त 'निसर्गाने दिलेलं' म्हणून डोळे मिटून विश्वास टाकायचं कारण उरत नाही, इतकंच. विचारायचं ते एवढंच : हे काय काम करतं, किती तीव्र आहे आणि बाळाच्या तोंडात गेलं तर काय होईल?

घाण कुठली ते आधी बघा

डोकं दुखतंय म्हणून गुडघ्याला बाम लावला तर उपयोग नाही. घरातल्या घाणीचंही तसंच आहे.

ओशट घाण, म्हणजे शेगडीमागच्या टाइल्सवरचा राप, तेलकट हातांचे ठसे, बाळाच्या मालिशच्या तेलाने मेणचटलेलं मेणकापड. इथे आंबट काही चालत नाही. लिंबाच्या वासाने स्वच्छ वाटतं, पण तेल जागेवरच. तेलाला लागतो मध्यस्थ. साबणाच्या कणाचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला, आणि एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोघांना तो एकत्र मोरीपर्यंत नेतो. रिठ्यातला फेस करणारा घटक हेच काम करतो. रात्री आठ-दहा रिठे बिया काढून पाण्यात भिजवायचे, सकाळी एक उकळी आणून गाळायचे. तपकिरी पाणी मिळतं, त्यात लोकरीची टोपी, स्वेटर, आजीची रेशमी साडी छान निघतात. पण रिठ्याचं पाणी डोळ्यात गेलं की आग आग होते आणि ते दोन-तीन दिवसांत आंबतं. 'सौम्य' हे विशेषण त्याला कपड्यांपुरतंच लावा. तेल सांडलं असेल तर आधी डाळीचं पीठ किंवा कणीक भुरभुरवायची, ती तेल पिते, मग केरसुणीने लोटून उरलेलं साबणाने.

आणि भिंतीवरची चित्रकला! मेणाचे खडू म्हणजे मेणच. ओल्या फडक्यावर चिमूटभर सोडा घेऊन हलक्या हाताने चोळा. सोड्याचे कण इतके मऊ असतात की बहुतेक ऑइल पेंटला ओरखडा येत नाही. तरी आधी कपाटामागच्या कोपऱ्यात करून बघा. स्टीलवर किंवा काचेवर खडू असेल, स्टिकरचा चिकटा असेल, केसात च्युइंग गम असेल तर खोबरेल. मेण, चिकटा आणि च्युइंग गम तेलात सैल पडतात.

पांढरे क्षार ही तिसरी गोष्ट, आणि इथे मात्र आंबटाचं राज्य. बोअरचं पाणी जड असेल तर नळावर, बादलीला, बाळाच्या टबाला पांढरट खपली धरते. ती बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूच्या आणि चुनखडीच्या जातीची. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. खपल्या भराभर धरत असतील तर पाणी जड आहे हे तपासणीशिवायही कळतं. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं नळाला गुंडाळून अर्धा तास ठेवा. खपली आपोआप सुटते, घासावं लागत नाही. व्हिनेगर नसेल तर लिंबूसत्व पाण्यात विरघळवून घ्या. ते स्वस्तही पडतं आणि वासही येत नाही.

पण जो गुण खपली खातो तोच फरशीही खातो. कडप्पा, शहाबादी आणि कोटा हे तिन्ही चुनखडीचे दगड, संगमरवर त्यांचाच नातलग. कडप्प्याच्या ओट्यावर व्हिनेगर सांडून राहिलं तर तिथे पांढरट, खरखरीत डाग उमटतो आणि तो धुऊन जात नाही, कारण तो डाग नसतोच. दगडच झिजलेला असतो. आमच्या ओट्यावर असा एक गोल आहे, बाटलीच्या बुडाच्या मापाचा. पाहुण्यांना मी त्यावर पोळपाट ठेवून लपवते. ग्रॅनाइट आणि सिरॅमिक टाइल्स बहुतेक वेळा वाचतात, तरी टाइल्समधल्या सिमेंटच्या रेघा वाचत नाहीत. जुन्या वाड्यात किंवा चाळीत शहाबादी असेल तर 'पोछाच्या पाण्यात कपभर व्हिनेगर' हा सल्ला विसरा. साधं पाणी आणि थेंबभर साबण.

भांड्यांचं थोडक्यात : तांब्या-पितळेला चिंचेचा कोळ आणि मीठ, अ‍ॅल्युमिनियमला सोडा नको कारण ते काळवंडतं. काळवंडलेला कुकर लिंबाच्या साली घालून उकळला की उजळतो.

शू आणि दूध : दोन वास, दोन उलटे उपाय

लहान मूल असलेल्या घराचे दोन वास असतात. एक गादीचा, दुसरा खांद्याचा.

ताजी शू थोडी आम्लधर्मीच असते आणि तिला फारसा वास नसतो. पण ती गादीत मुरली की जिवाणू तिच्यातल्या युरियाचा अमोनिया करतात. नाकात जातो तो हा अमोनिया, आणि तो सोड्याच्या बाजूचा. म्हणून त्याला मारायला आंबट लागतं. व्हिनेगर अमोनियाला बांधून त्याचं वास नसलेलं मीठ करतं.

खांद्यावरच्या दुधाच्या गुळणीचं उलट. दुधातली चरबी फुटून त्यातून आम्लं सुटतात. खवट लोण्याचा वास देणारं आम्ल त्यातलंच. त्यावर व्हिनेगर ओतलं तर आंबटात आंबट. वर लोणच्याच्या बरणीचा वास. इथे सोडा हवा.

गादीचं मी असं करते. ओलं दिसलं की आधी जुनं सुती दुपटं घडी करून वरून दाबायचं, गुडघ्याने, पूर्ण वजन टाकून. चोळायचं नाही, चोळलं की शू खाली उतरते. दोन-तीन दुपटी भिजतील इतकं दाबायचं. मग निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी फवारणीच्या बाटलीतून, डागापेक्षा वीतभर बाहेरपर्यंत. दहा मिनिटांनी पुन्हा दाबून टिपायचं. गादी पूर्ण वाळू द्यायची. वाळल्यावरच सोडा भुरभुरवायचा, नाहीतर पुन्हा रस्सीखेच. रात्रभर राहू द्यायचा आणि सकाळी झाडून, शक्य असेल तर गादी उन्हात. कापसाच्या गादीला ऊन हा सर्वांत मोठा उपाय, कारण ओल गेली की जिवाणूंचं फावत नाही. फोमच्या गादीला पंखा आणि धीर. महिन्याभराचा जुना डाग असेल तर यातलं काहीही पूर्ण काम करत नाही, तिथे एन्झाइमवालं तयार द्रावण आणलेलं बरं.

दुधाच्या कपड्याला आधी गार पाणी. दूध, अंडं, रक्त, या सगळ्यांत प्रथिनं असतात आणि गरम पाण्याने ती शिजतात. अंडं तव्याला चिकटतं तसा डाग धाग्याला चिकटतो. गार पाण्यात खळबळून मग अर्ध्या बादलीत दोन चमचे सोडा घालून तासभर भिजवायचं, शेवटी नेहमीचा साबण. लोकर आणि रेशीम सोड्यात नको.

मग जंतूंचं काय?

हा प्रश्न रास्त आहे. साफ करणं म्हणजे घाण आणि तिच्याबरोबरचे जंतू उचलून बाहेर टाकणं. निर्जंतुक करणं म्हणजे उरलेल्यांना मारणं. व्हिनेगर, लिंबू आणि सोडा यांच्यावर जंतू मारण्यासाठी विसंबता येत नाही. काही जिवाणूंना व्हिनेगर थोडंफार आवरतं, पण जुलाबाच्या कित्येक विषाणूंपुढे त्याचं चालत नाही. हळदीचं पाणी फरशीवर शिंपडून फरशी पिवळी होते, इतकंच.

तरी घाबरायचं कारण नाही, कारण रोजच्या घराला निर्जंतुक करायची गरज नसते. साबण-पाण्याने पुसलेली फरशी रांगणाऱ्या बाळाला पुरते. हात साबणाने धुवायचे, दुधाच्या बाटल्या घासून दहा मिनिटं उकळायच्या. उकळतं पाणी हा स्वयंपाकघरातला सगळ्यात भरवशाचा जंतुनाशक आहे आणि त्याची रील कोणी काढत नाही.

घरात कोणाला उलट्या-जुलाब लागले, की मात्र ब्लीच काढावं लागतं. बाटलीवर ५ टक्क्यांच्या आसपास सोडियम हायपोक्लोराइट लिहिलं असेल तर लिटरभर पाण्यात २० मिली. आधी घाण टिपून साबणाने पुसायची, मग हे द्रावण दहा मिनिटं ओलं ठेवायचं, मग साध्या पाण्याने पुसून घ्यायचं. खिडक्या उघड्या, हातमोजे घातलेले, बाळ दुसऱ्या खोलीत. द्रावण त्याच दिवशी संपवायचं.

आणि या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा : ब्लीचमध्ये आंबट काहीही घालायचं नाही. व्हिनेगर नाही, लिंबू नाही, संडास साफ करायचं ॲसिड तर मुळीच नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद न्हाणीघरात तो माणसाला आडवा करू शकतो. अमोनिया असलेल्या, काच पुसायच्या द्रवाबरोबर मिसळलं तरी विषारी वायूच निघतो. सोडा-व्हिनेगरच्या रीलमुळे 'चार गोष्टी एकत्र केल्या की जोर वाढतो' ही समजूत घरोघरी गेली आहे. माझा त्या रीलवर खरा राग आहे तो यासाठी.

'पण आमच्या आज्या हेच वापरायच्या ना?'

वापरायच्या, आणि बरंच काही शहाणपणाने वापरायच्या. पितळेच्या भांड्यात आंबट ठेवायचं नाही, ताक कळकतं, हे त्यांना पीएच न शिकता माहीत होतं. कल्हईवाला आला की भांडी काढून द्यायच्या.

पण सगळंच बरोबर नव्हतं, आणि याचा एक दाखला आपल्या पुण्यातला आहे. पूर्वी लहान मुलांमध्ये यकृताचा एक जीवघेणा आजार दिसायचा. यकृत सुजून कडक व्हायचं, बहुतेक मुलं दगावायची, आणि त्यांच्या यकृतात तांब्याचं प्रमाण भलतंच जास्त आढळायचं. १९८०च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी या मुलांना काय आणि कशातून पाजलं जात होतं, याचा माग काढला. बोट जाऊन पोचलं पितळेच्या भांड्यांवर. कल्हई नसलेल्या किंवा गेलेल्या पितळी भांड्यात तापवून ठेवलेलं गाई-म्हशीचं दूध तांबं ओढून घेतं, आणि तेच दूध तान्ह्या बाळाला दिवसातून कित्येक वेळा दिलं जात होतं. दूध काही चिंचेसारखं आंबट नसतं, म्हणून कोणाला संशय आला नव्हता. पुढे स्टील घरोघरी आलं, आईचं दूध पाजण्यावर भर आला आणि हा आजार जवळजवळ नाहीसा झाला. हल्ली 'परंपरेकडे परत' म्हणून पितळेची पातेली पुन्हा ओट्यावर येत आहेत. हौसेने घ्या, चिंचेने लखलखीत घासा, पण बाळाचं दूध स्टीलमध्ये.

देवघरातला कापूरही असाच. कपड्यांच्या कपाटात, उशीशी, सर्दीला रुमालात, सगळीकडे तो असतो. दिसायला खडीसाखरेसारखा. लहान मुलाने थोडासा गिळला तरी फिट येऊ शकते. निलगिरीचं तेलही पोटात गेलं तर तसंच घातक. कडुलिंबाचं तेल तान्ह्या बाळांना तोंडावाटे दिल्याने विषबाधा झाल्याची वैद्यकीय नोंद आहे. कडुलिंबाचा वाळलेला पाला धान्यात आणि कपड्यांत खुशाल ठेवा. बाटलीतलं तेल वेगळं. डांबरगोळ्या तर नकोतच. काही मुलांच्या रक्तात एका एन्झाइमची जन्मजात कमतरता असते आणि नुसत्या त्या वासाच्या दुपट्यात गुंडाळल्यानेही त्यांच्या तांबड्या पेशी फुटू शकतात. ट्रंकेतली बाळंतविड्याची झबली-टोपडी आधी धुवा, चांगली उन्हं दाखवा, मग अंगात घाला.

मुंग्या, झुरळं आणि डब्यातलं धान्य

मुंग्या रांगेत चालतात कारण पुढची मुंगी मागचीसाठी वासाची रेघ सोडते. ती रेघ पुसली की रांग मोडते. साबणाच्या पाण्याने किंवा पातळ व्हिनेगरने ओटा पुसणं पुरतं. मग फट शोधून बुजवायची. हळदीच्या रेघेने मुंग्या तात्पुरत्या वळतात. फरशीला हळद लागते ती मात्र बराच काळ राहते.

झुरळांसाठीचा 'घरगुती' उपाय बहुतेकांना माहीत आहे : कणीक, साखर, दूध आणि बोरिक पावडर यांच्या गोळ्या करून कोपऱ्यात ठेवायच्या. झुरळं मरतात, खरं आहे. पण नीट बघा. पीठ, साखर, दूध, बोटाएवढी गोळी, जमिनीवर. रांगत्या बाळासाठी याहून चांगला सापळा रचता येणार नाही. बोरिक ॲसिड लहान मुलांना विषारी आहे. ती कॅरमची पावडर असते ना, तीही बऱ्याचदा हीच. मुंग्यांचा खडूही कीटकनाशकच, आणि दिसतो शाळेतल्या खडूसारखा. काही घरांत तांदळालाही बोरिक पावडर चोळून ठेवतात. त्याऐवजी ऊन आणि एरंडेलाचा हलका हात बरा. धान्यात ठेवायच्या ज्या गोळ्यांतून फॉस्फिन वायू सुटतो, त्या गोदामासाठी असतात. माणसं झोपतात त्या घरात त्या आणायच्याच नाहीत.

बाटली कुठली?

व्हिनेगर-पाणी पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवणं हा आपला राष्ट्रीय दोष. मग त्याच सवयीने शेजारच्या बाटलीत ॲसिड, तिसरीत रॉकेल. दोन वर्षांचं मूल लेबल वाचत नाही, बाटलीचा आकार ओळखतं. पाण्याची बाटली म्हणजे पाणी, इतका साधा त्याचा हिशेब. फवारणीची बाटली वेगळ्या रंगाची घ्या, वर लिहा आणि तीसुद्धा वरच्या फळीवर ठेवा. सोड्याचा डबाही वरच. चिमूटभर भज्यांत जातो म्हणून मूठभर तोंडात गेला तर चालतो असं नाही. तान्ह्या बाळाच्या रक्तातलं क्षारांचं गणित त्याने बिघडतं. मध या लेखाच्या विषयात तसा बसत नाही, तरी डबे आवरताना आठवलं म्हणून : वर्षाच्या आतल्या बाळाला घुटीतही चाटवू नका, त्यातून एका गंभीर आजाराचे जिवाणू जाऊ शकतात.

मुलाने काही गिळलंच, तर उलटी करवायची नाही. मिठाचं पाणी पाजायचं नाही. ॲसिड गिळलं म्हणून सोडा, किंवा सोडा गिळला म्हणून लिंबू, हे तर अजिबात नाही. पोटात फेस आणि उष्णता तयार होते. तोंड पुसून चूळ भरवा, बाटली किंवा पाकीट बरोबर घ्या आणि दवाखाना गाठा. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र आहे, त्याचा विनाशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७, चोवीस तास. रुग्णवाहिकेला १०८. हे दोन आकडे फ्रिजवर चिकटवून ठेवा, मोबाइल ऐन वेळी सापडत नाही.

मूल जरा मोठं झालं की

लाळेरं घालणारी ती मुलगी आता पाच वर्षांची आहे. निरांजनं चिंचेने घासायचं काम तिच्याकडे. बोटांनी कोळ लावते, एका निरांजनात अर्धा तास घालवते आणि काळं तांबूस-पिवळं झालं की ओरडते. दिवाळीच्या सफाईत एवढी मदत पुरे.

एका दुपारी आम्ही हळदीचे कागद केले. चमचाभर हळद थोड्या पाण्यात कालवून वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडांना फासली आणि पंख्याखाली वाळवली. काडी साबणाच्या पाण्यात बुडवून त्यावर लिहिलं की अक्षरं लाल उमटतात, लिंबू फिरवलं की पुसली जातात. मग ती घरभर फिरली. सोडा लाल. भांड्यांचा साबण लाल. ताक काही नाही. शँपू काही नाही, यावर ती जरा रुसली. शेवटी आजोबांच्या पानाच्या डब्याशी जाऊन चुन्याची पुडी मागायला लागली. मी नाही म्हटलं. पुडी दाबली की चुना थेट डोळ्यात उडतो आणि बुबुळ भाजून निघतं, अशी मुलं नेत्ररुग्णालयांत येत असतात. आजोबांनीच मग काडीच्या टोकावर कणभर घेतला, तिला हाताच्या अंतरावर उभं केलं आणि कागदाला लावला. कुंकवासारखा लाल. "हे तर देवघरातलं," ती म्हणाली, आणि आजोबांनी चुन्याची डबी उचलून कपाटावर ठेवली.